बर्फाखालची जमीन

ऑक्टोबर सरत आला की कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियलच्या उपनगरांत घराघरांपुढच्या हिरवळीच्या कडेला कमरेएवढ्या उंचीच्या बारीक काठ्या दिसू लागतात. कुठे भगव्या, कुठे हिरव्या, कुठे लाल. एकेका कंत्राटदाराचा रंग ठरलेला असतो. नव्याने राहायला आलेल्याला वाटतं, केबल टाकायला खोदणार असतील. पण त्या काठ्या एक रेघ आखून ठेवत असतात: गाडी आत घ्यायच्या वाटेचं डांबर कुठे संपतं आणि गवत कुठे सुरू होतं. आज ती रेघ उघड्या डोळ्यांना दिसतेच आहे. जानेवारीत पहाटे तीन वाजता, अर्धा मीटर बर्फाखाली, ती कुणालाच दिसणार नाही. तेव्हा ट्रॅक्टरवरच्या माणसाला फक्त काठ्यांची टोकं दिसतील आणि त्यांच्या भरवशावर तो यंत्र खाली सोडेल. रेघ चुकली तर बर्फाबरोबर हिरवळीची सालही निघेल, आणि एप्रिलमध्ये ती त्यालाच भरून द्यावी लागेल.

हा माणूस पुष्कळदा तोच असतो, जो जुलैमध्ये त्याच हिरवळीवर गवत कापत होता. उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात आवारांची देखभाल, बागा उभारणं आणि बर्फ काढणं ही तीन कामं एका दमात उच्चारली जातात. आपल्याला प्रश्न पडतो, माळ्याचा आणि बर्फाचा काय संबंध? संबंध जमिनीचा आहे. गिऱ्हाईक तेच, आवार तेच, ट्रॅक्टर तोच. एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जमीन मऊ असते तोवर माती, गवत, झाडं. पुढचे पाच महिने ती दगडासारखी गोठते, तेव्हा तिच्यावर साचलेला बर्फ. उतार कुठे आहे, पाणी कुठे साचतं, पायरीचा कोपरा कुठे पुढे आला आहे, गटाराचं झाकण कुठे आहे, हे ज्याने उन्हाळ्यात पायाखाली घातलं, त्याला ते हिवाळ्यात अंधारात आठवतं. अमेरिकेत आवारांच्या देखभालीवर पोट असणाऱ्यांची संख्या दहा लाखांहून जास्त आहे. एवढ्या मोठ्या व्यवसायाबद्दल लिहिलं मात्र फार थोडं जातं, कारण हे काम चोख झालं की दिसत नाही. वाट मोकळी असते, गवत हिरवं असतं, आणि सगळ्यांना वाटतं ते तसंच असतं.

मॉन्ट्रियल हे शहर हे काम समजून घ्यायला फार चांगलं आहे. अक्षांशाच्या हिशेबाने ते इटलीतल्या मिलानच्या रांगेत येतं, पण उत्तर ध्रुवाकडून येणारी कोरडी थंड हवा अडवायला मध्ये डोंगर नाही. एका हिवाळ्यात तिथे साधारण दोन मीटर बर्फ पडतो. एवढा बर्फ पडणारी गावं जगात बरीच आहेत, पण एवढा बर्फ आणि वर सतरा-अठरा लाखांची दाट वस्ती असं जुळून आलेलं शहर विरळाच. जुन्या पेठांमधले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं, आणि त्यांचे लोखंडी गोल जिने घराबाहेरून थेट फुटपाथवर उतरलेले. बर्फ बाजूला लोटायचा म्हटलं तरी बाजू आहे कुठे?

म्हणून इथे बर्फ उचलून न्यावा लागतो. सारं काम त्या एका गोष्टीभोवती फिरतं.

बर्फाच्या पहिल्या पाकळ्या पडू लागल्या की मीठ आणि बारीक खडी टाकणाऱ्या गाड्या निघतात. थर अडीच सेंटिमीटरचा झाला की पाती लावलेल्या गाड्या रस्ता खरवडू लागतात. तिथल्या फ्रेंचमध्ये या गाडीला जो शब्द आहे तो शेतातल्या नांगराचाच, शारू. आणि तिचं तिरकं पातं बर्फ एका अंगाला पालथा घालत जाताना पाहिलं की नांगरलेल्या शेताची आठवण होतेच. फुटपाथसाठी वेगळी, एका माणसाची, पट्ट्यांवर धावणारी छोटी ट्रॅक्टरगाडी असते. तिला तिथले लोक शनिएत म्हणतात, म्हणजे छोटा सुरवंट. हे सुरवंट जिन्यांच्या आणि खांबांच्या मधून ज्या वेगाने पळतात ते बघून पादचारी पायरीवर चढून उभे राहतात.

बर्फ दहा-पंधरा सेंटिमीटरच्या पुढे गेला की उचलण्याचा हुकूम निघतो. कडेच्या ढिगांत भगव्या पाट्या खोचल्या जातात: अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत इथे गाडी नको. मग रात्री टोइंगची गाडी एक विशिष्ट भोंगा वाजवत गल्लीतून फिरते. तो भोंगा ऐकून कोट अडकवत, बुटांच्या नाड्या न बांधता गाडी हलवायला धावणं हे मॉन्ट्रियलकरांच्या हिवाळ्याचं एक अंग आहे. जी गाडी उरते ती ओढून जवळच्या मोकळ्या रस्त्यावर ठेवतात, दंडाची पावती लावून. मागोमाग ग्रेडर येतो आणि बर्फाची एक सलग वरंब्यासारखी रांग करतो. त्यावर स्नो-ब्लोअर चढतो. पुढचा मोठा स्क्रू बर्फ आत ओढतो, पंखा तो नळकांड्यातून वर फेकतो, आणि शेजारून त्याच चालीने सरकणाऱ्या ट्रकमध्ये पांढरी धार पडत राहते. एक ट्रक भरला की तो सुटतो आणि मागचा त्याची जागा घेतो. धार तुटत नाही. ब्लोअरच्या पुढे अनेकदा एक माणूस पायी चालताना दिसतो. त्याचं काम एकच, ढिगात कुणी आहे का ते पाहायचं. मुलं बर्फाच्या ढिगात बोगदे खणून किल्ले करतात. आपल्याकडे दिवाळीत मातीचा किल्ला करावा तसाच हौसेने केलेला तो किल्ला असतो, फक्त त्याच्या आत माणूस मावतो. यंत्रापुढचा तो चालणारा माणूस या सगळ्या यंत्रणेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

रस्ते आणि फुटपाथ मिळून सुमारे १०,००० किलोमीटर, कामाला सुमारे ३,००० माणसं, आणि वर्षाकाठी उचललेला बर्फ सरासरी एक कोटी वीस लाख घनमीटर. वीस सेंटिमीटरचं एक वादळ पूर्ण उचलायला चार-पाच दिवस लागतात. तेवढ्यात दुसरं आलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार दिवसांत ७० सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला, तेव्हा ही घडी कितीही नीट बसवलेली असली तरी आठवड्यांनी मागे पडते हे शहराने पाहिलं. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात नाला तुंबला की आधी काय करायला हवं होतं ते सगळ्यांना सुचतं, तसंच हे.

आणि उचललेला बर्फ जातो कुठे? पूर्वी तो सरळ सेंट लॉरेन्स नदीत ओतत. पण रस्त्यावरचा बर्फ म्हणजे निव्वळ गोठलेलं पाणी नव्हे. त्यात मीठ, तेल, टायरची भुकटी, कचरा, सगळं असतं. नदीत टाकणं नव्वदच्या दशकात बंद होत गेलं. आता काही बर्फ ठरावीक ठिकाणी मोठ्या तोंडाच्या विहिरींतून मैलापाण्याच्या गटारांत सोडतात. घराघरांतून आलेलं ते पाणी हिवाळ्यातही बऱ्यापैकी कोमट असतं, त्यात बर्फ वितळतो आणि शुद्धीकरण केंद्राकडे जातो. बाकीचा मोकळ्या जागांवर रचतात. त्यांतली सर्वांत मोठी जागा म्हणजे सँ-मिशेल भागातली फ्रँकॉनची खाण. शहर वाढत असताना इथून चुनखडीचा दगड निघाला. खाण बंद पडली, खड्डा उरला, आणि ज्या खड्ड्यातून शहराच्या इमारतींचा दगड वर आला त्यातच आता शहराचा बर्फ खाली जातो. याच खाणीत १९६०च्या दशकात एक नवं खनिज सापडलं. कॅनडाचे पहिले मोठे भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम लोगन यांच्यावरून त्याचं नाव वेलोगनाइट ठेवलं. खड्ड्याच्या काठावरून ट्रक मागे येतात, बर्फ ओततात, आणि महिन्याभरात तिथे एक डोंगर उलटा उभा राहिल्यासारखा भरत जातो.

बर्फ काढायचा असतो हीच मुळात अलीकडची कल्पना आहे. एकोणिसाव्या शतकात या भागात बर्फ हटवत नसत, दाबत असत. घोडे लावलेले जड लाकडी रूळ रस्त्यांवरून फिरवून बर्फ चापून कडक करत, कारण वाहतूक घसरगाडीवर चाले आणि तिला गुळगुळीत बर्फच हवा असे. उलट हिवाळ्यातले रस्ते पुष्कळदा उन्हाळ्यातल्या चिखलापेक्षा बरे असत. मोटार आली आणि सगळं उलटलं. चाकाला खालचा रस्ता उघडा लागतो. ज्या दिवशी घसरपट्टीची जागा चाकाने घेतली, त्या दिवशी बर्फ ही अडचण झाली आणि तो काढणं हा रोजगार.

याच काळात आर्थर सिकार नावाच्या, मॉन्ट्रियलजवळच्या शेतकरी कुटुंबातल्या माणसाने मळणीयंत्र पाहिलं. धान्य आत ओढून भुसा दूर फेकणारं ते यंत्र पाहून त्याला वाटलं, बर्फही असाच फेकता येईल. अनेक वर्षं खटपट करून १९२५ मध्ये त्याने ट्रकवर बसवलेला ब्लोअर चालवून दाखवला आणि १९२७ मध्ये पहिलं यंत्र शेजारच्या उत्रमाँ गावाने विकत घेतलं. आज गल्लीत धार उडवणारं यंत्र त्याचंच वंशज आहे.

दुसरी गोष्ट जास्त दुःखाची. क्वेबेकमधल्या वाल्कूर गावात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा तरुण मेकॅनिक होता. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. पोटातला संसर्ग, तातडीने शस्त्रक्रिया हवी होती, आणि रस्ते बर्फाने बंद. मूल दवाखान्यापर्यंत पोचलंच नाही. बोंबार्दिए बर्फावरून चालणारी गाडी आधीपासूनच घडवत होता, पण ती अजून चालण्याजोगी झाली नव्हती. पुढे त्याने रबरी पट्ट्यावर दातेरी चाक बसवण्याची युक्ती काढली, १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि त्याच्या गाड्या डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुलांना घेऊन बर्फावरून धावू लागल्या. १९४८ मध्ये प्रांत सरकारने गावोगावचे रस्ते हिवाळ्यात मोकळे ठेवायचं ठरवलं तेव्हा या गाड्यांची मागणीच बसली. त्याने पट्ट्यांची तीच विद्या दलदलीतल्या ट्रॅक्टरांकडे वळवली, आणि पुढे त्याच्या कंपनीने फुटपाथ साफ करणारी ती छोटी यंत्रंही बनवली. दिल्ली मेट्रोच्या डब्यांवरून बॉम्बार्डियर हे नाव आपल्याकडे अनेकांना माहीत आहे; त्याच्या मुळाशी एक बंद रस्ता आहे.

आता मिठाकडे येऊ, कारण बर्फवाला आणि माळी एकाच माणसात राहतात तेव्हा त्यांचं भांडण मिठावरून होतं.

मीठ बर्फाला तापवत नाही. गोठताना पाण्याच्या रेणूंना ठरावीक रचनेत बसावं लागतं, आणि पाण्यात विरघळलेलं मीठ त्यांना तसं बसू देत नाही. म्हणून खारं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी द्रव राहतं. सिद्धांताने ही मर्यादा उणे २१ अंशांपर्यंत जाते, प्रत्यक्षात रस्त्यावर उणे दहा-बाराच्या खाली साधं मीठ इतकं सावकाश काम करतं की टाकून उपयोग नसतो. मग कॅल्शियम क्लोराइड वापरतात, ते विरघळताना स्वतः उष्णता सोडतं. किंवा सरळ बारीक खडी टाकतात, जी काहीही वितळवत नाही, फक्त पायाला पकड देते. जाणता कामगार आकाशाकडे कमी आणि डांबराच्या तापमानाकडे जास्त बघतो. हवा उणे दोन आणि डांबर उणे नऊ असू शकतं, आणि मिठाला डांबराचंच ऐकावं लागतं. त्याहून महत्त्वाची अक्कल वेळेची. बर्फ पडण्याआधी खारवणी शिंपडली तर बर्फ डांबराला चिकटतच नाही आणि पात्याने अलगद निघतो. एकदा चिकटून काच झाल्यावर त्याच कामाला कितीतरी पट मीठ लागतं. चपातीची परात आधी ओली करून ठेवणं आणि सुकलेली कणीक नंतर खरवडणं यात जो फरक, तोच.

क्वेबेकच्या रस्त्यांवरचं पुष्कळसं मीठ सेंट लॉरेन्सच्या आखातातल्या मादलेन बेटांखालच्या खाणीतून येतं. ओंटारियोत ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, सुमारे साडेपाचशे मीटर खोल, गॉडरिचची खाण आहे. जमिनीखालच्या मिठाच्या खाणींत ती जगात सर्वांत मोठी. कॅनडाभर दर हिवाळ्याला सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं. ते वितळून कुठे जातं याचा विचार फार उशिरा झाला. २००१ मध्ये केंद्र सरकारच्या अभ्यासाने रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला विषारी ठरतं असा निर्वाळा दिला. क्लोराइड पाण्यातून सहज निघत नाही. ओढ्यात, तळ्यात, विहिरीत साठत जातं. सोडियम मातीच्या कणांना धरून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा घेतो, भुसभुशीत माती चिकट आणि घट्ट होते, पाणी मुरत नाही. आपल्याकडे अति पाणी देऊन उसाची जमीन खारवते, तेव्हा शेतकरी हेच बघतो. एप्रिलमध्ये रस्त्याकडेच्या गवताचा जो पट्टा तपकिरी पडलेला असतो, तो जानेवारीच्या मिठाचा हिशेब असतो, आणि तो मिटवायला येतो मीठ टाकणाराच: जिप्सम घालून, भरपूर पाणी सोडून, नवी माती आणि बी टाकून.

मिठाची गोष्ट झाडांपर्यंत जाते. विसाव्या शतकात एल्म वृक्षांवर बुरशीचा रोग आला आणि उत्तर अमेरिकेतल्या शहरांचे रस्ते उघडे पडले. त्या जागी नगरपालिकांनी मोठ्या संख्येने अ‍ॅश लावले, कारण अ‍ॅश खारट पाणी, दाबलेली माती, धूर, सगळं सोसतो. मग आशियातून लाकडाबरोबर आलेला एक हिरवा चकाकता किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, आणि २०११ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करून झाडाचा अन्नपुरवठा तोडतात. एकाच जातीवर भिस्त ठेवलेल्या रस्त्यांना पुन्हा तीच पाळी आली. वाचवण्याजोग्या झाडांच्या बुंध्यात दर दोन वर्षांनी एक औषध टोचतात, आणि ते औषध कडुनिंबाच्या बियांतून काढलेलं असतं. आपल्या आजीने धान्याच्या कणगीत घातलेला पाला, आणि सेंट लॉरेन्सच्या काठावर उणे पंचवीस अंश सोसणाऱ्या झाडाच्या बुंध्यात भरलेलं ते द्रव्य, मूळ एकच. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

हिवाळ्याची तयारी करणं हे माळ्याच्या वर्षातलं सर्वांत बारकाईचं काम. झुडपांच्या फांद्या दोरीने एकत्र बांधतात, नाहीतर ओल्या बर्फाच्या भाराने त्या बुंध्यापासून फाटतात. सदाहरित कुंपणांना गोणपाट गुंडाळतात. तागाचं साधं गोणपाट, आपल्याकडे बटाटे भरतात तसलंच. थंडी अडवणं हा त्याचा हेतू नसतोच. जमीन गोठलेली असताना मुळं पाणी ओढू शकत नाहीत, आणि फेब्रुवारीतलं ऊन आणि वारा मात्र पानांतून पाणी खेचत राहतात. झाड थंडीने कमी आणि तहानेने जास्त मरतं. गोणपाट वारा तोडतं आणि मिठाचे शिंतोडेही अडवतं. बागेतल्या पाण्याच्या नळ्यांतून कॉम्प्रेसरने हवा सोडून थेंबन् थेंब बाहेर काढतात, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि नळी फुटते. त्याच फुगण्यामुळे अंगणातली फरशी बसवणं इथे वेगळी विद्या होते. जमीन मीटरभर किंवा त्याहून खोल गोठते. मातीवर थेट फरशी टाकली तर वसंतात ती वर-खाली होते. म्हणून आधी खोल खणून खडीचा जाड थर दाबून बसवतात, त्यातून पाणी निथळून जातं, आणि जिथे पाणी थांबत नाही तिथे फुगायला काही उरत नाही. चांगलं अंगण आणि वाईट अंगण यांतला फरक पृष्ठभागावर दिसत नाही, तो खालच्या अर्ध्या मीटरमध्ये असतो.

या दिवसांत घरांपुढे पांढऱ्या कापडाचे मांडवही उभे राहतात, गाडीवर बर्फ पडू नये म्हणून. त्यांना क्वेबेकमध्ये टेम्पो म्हणतात. मूळ कंपनीचं नाव सगळ्यांनाच चिकटलं. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला "टेम्पो लावला का?" असं कुणी विचारलं की क्षणभर सामानाची गाडी डोळ्यांपुढे येते. तिथल्या मराठी बोलण्यात बर्फ हा शब्दही फ्रीजमधल्या बर्फासाठी उरतो. आभाळातून पडतो तो ‘स्नो’, आणि सकाळी उठून काढायचा असतो तोही ‘स्नो’.

तो काढताना किती वजन उचलावं लागतं? घरापुढची वाट सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब धरा. वीस सेंटिमीटर बर्फ म्हणजे १२ घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास असतो; म्हणजे बाराशे किलो. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. वर रस्त्यावरची नगरपालिकेची गाडी जाता जाता वाटेच्या तोंडाशी जो दाबलेला बांध टाकून जाते, तो वेगळा. क्वेबेकमधल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या बर्फवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि त्यांमुळे होणारे मृत्यू वाढतात असं त्यात आढळलं. वीस सेंटिमीटर बर्फानंतर मृत्यूंची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने चढते. फावड्याने भार उचलताना माणूस श्वास रोखतो, थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, हृदय एकाच वेळी दोन्हीकडून कोंडीत सापडतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने बर्फ काढायला माणूस लावणं यात आळस मुळीच नाही. माझे जे नातलग तिथे आहेत त्यांना मी हे दरवर्षी सांगतो.

लावलेला माणूस ट्रॅक्टरवर येतो. ट्रॅक्टरच्या मागे उलटा बसवलेला ब्लोअर असतो. तो वाटेत पुढे शिरतो, घराच्या दारापाशी ब्लोअर खाली टाकतो, आणि रस्त्याकडे परत येताना बर्फ ओढत, उडवत निघतो. एका घराला दोन-तीन मिनिटं. एका रात्रीत कित्येक घरं, सगळी लोक कामाला निघायच्या आत. क्वेबेकच्या उपनगरांत हा सौदा बहुधा सबंध हंगामाचा एकठोक असतो. अमेरिकेत दर खेपेला, किंवा पडलेल्या इंचांवर मोजून पैसे घेण्याचीही रीत आहे. एकठोक सौद्यात बर्फ जास्त पडला तर कंत्राटदार मार खातो, खेपेच्या सौद्यात पडलाच नाही तर. तापत चाललेल्या हवामानात हा जुगार वाढला आहे. थंडी सलग राहत नाही. मध्येच पाऊस येतो, रात्री तोच गोठतो. ज्या हिवाळ्यात बर्फ कमी असतो त्यातही मिठाच्या खेपा कमी होतातच असं नाही, कारण निसरडेपणा शून्याच्या आसपासच सर्वांत जास्त असतो. आणि कुणी घसरून पडलं तर दावा येतो तो बर्फ काढणाऱ्यावर. म्हणून हे लोक प्रत्येक खेपेची वेळ, तापमान, टाकलेलं मीठ लिहून ठेवतात. दाव्याच्या भीतीने कित्येकदा गरजेपेक्षा जास्त मीठ पडतं, आणि ते शेवटी पुन्हा मातीत उतरतं. ज्याला मातीची काळजी आहे त्यालाच ते टाकावं लागतं, ही या कामातली खरी अडचण.

हे काम कोण करतं? रात्री-अपरात्री फोन आला की निघायची तयारी असलेले स्थानिक, हिवाळ्यात ज्यांची बांधकामं बंद पडतात ते, आणि नव्याने देशात आलेले लोक, त्यांत भारतीय विद्यार्थीही. अमेरिकेत हंगामी बिगरशेती कामांसाठी एच-टू-बी नावाचा व्हिसा आहे, वर्षाला ६६,०००ची मर्यादा असलेला. त्यातला सर्वांत मोठा वाटा बागकामाचा आणि बहुतेक माणसं मेक्सिकोची. ते वसंतात येतात आणि पहिल्या बर्फाच्या आधी परततात. ज्यांच्या हातांनी हिरवळ राखली ते ती पांढरी होताना पाहतच नाहीत.

काही बदल याच लोकांच्या श्वासाशी निगडित आहेत. मॉन्ट्रियलच्या पश्चिमेला हडसन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जून अर्विन यांनी रुग्णांच्या तक्रारींचा संबंध हिरवळीवर फवारल्या जाणाऱ्या औषधांशी लावला आणि वर्षानुवर्षं नगरपरिषदेच्या सभेत पत्रं वाचली. १९९१ मध्ये गावाने केवळ शोभेसाठी कीटकनाशकं फवारायला बंदी केली. फवारणी कंपन्या न्यायालयात गेल्या; २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला, आणि मग सगळ्या प्रांतात नियम आले. फवारणी करणारा माणूस पाठीवरच्या टाकीतून आठ तास तेच हुंगत होता, हे त्या निकालाच्या बातम्यांत फारसं आलं नाही, पण सर्वांत जास्त सुटका झाली ती त्याची.

वसंत येतो तो कुरूप. हिरवळीवर मळकट जाळी दिसते, ती बर्फाखाली वाढणारी बुरशी. दंताळ्याने गवत उचलून हवा खेळवली की ती जाते. मे महिन्याच्या ११, १२ आणि १३ तारखांना तिथले जुने लोक बर्फाचे संत म्हणतात, आणि त्या तीन संतांचे दिवस सरेपर्यंत नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत. मृग बरसल्याशिवाय पेरणीला हात न लावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ट्रॅक्टरवाला आता काठ्या उपटतो आहे. एकदोन मोडल्या आहेत. एका कोपऱ्यावर गवताचा वीतभर पट्टा सोलला गेला आहे. तो गुडघ्यावर बसतो, कडा खुरप्याने सरळ करतो, माती पसरतो, बी टाकतो, तळव्याने दाबतो. जुलैत तिथे गवत इतकं एकसारखं झालेलं असेल की पट्टा कुठला ते त्यालाही सांगता येणार नाही. तो तीस अंशांच्या उन्हात, कानांवर संरक्षक लावून, त्यावरून यंत्र फिरवत असेल. आणि शहराच्या पलीकडच्या टोकाला, फ्रँकॉनच्या खड्ड्यात, खडी आणि धुळीच्या काळ्या सालीखाली जानेवारीतला बर्फ अजून थेंब थेंब गळत असेल.